‘मेन पाड’ म्हणत धावून आलेल्या वायरमन काकांस

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

सिन्नर तालुक्यातल्या त्या हळदीच्या रात्री सामान आवरण्याच्या गडबडीत मी तुमचे नीट आभारही मानले नाहीत, ही रुखरुख आजवर मनात आहे, म्हणून हे पत्र.

२०१९ च्या मे महिन्यात मी या धंद्यात अगदी नवा होतो. दोन अ‍ॅम्प्लिफायर, चार बेस आणि चार टॉप स्पीकर, आवाजाचा मिक्सर हे सगळे पतसंस्थेच्या कर्जावर घेतलेले होते आणि जेमतेम तीन हप्ते भरून झाले होते. पोरे नाचायला उभी राहिली आणि मांडवातले निम्मे दिवे अचानक डोळे दिपतील इतके प्रखर झाले, तर उरलेले मिणमिणू लागले. जनरेटरवर भार आला असेल, असे समजून मी आवाज थोडा कमी केला आणि गाणे चालूच ठेवले. तुम्ही मात्र पंगतीतून, खरकट्या हाताने, ‘मेन पाड!’ असे ओरडत धावत आलात आणि मेन स्विच स्वतःच खाली ओढलात. न्यूट्रलची, म्हणजे वीज परत जाण्याच्या वाटेची, तार स्क्रूमधून सैल होऊन निसटली होती. न्यूट्रल सुटला की वीज आणणाऱ्या दोन फेज तारांमधले सुमारे ४०० व्होल्ट दोन्हीकडच्या भारावर असमान वाटले जातात, आणि जिकडे भार कमी तिकडच्या यंत्रांवर २३० पेक्षा कितीतरी जास्त दाब येतो, हे तुम्ही नंतर लग्नपत्रिकेच्या मागच्या बाजूला आकृती काढून मला समजावलेत. लाइटचा एक कंट्रोलर जळाला, त्याचा करपट वास दोन दिवस टेम्पोतून गेला नाही. पण अ‍ॅम्प्लिफायर वाचले.

खरे सांगायचे तर, अ‍ॅम्प्लिफायरपेक्षाही मोठे असे काही तुम्ही त्या रात्री वाचवलेत. यजमान चारचौघांत मला वाटेल ते बोलत होते, तेव्हा तुम्ही मध्ये उभे राहून म्हणालात, ‘पोराची चूक नाही, जोडणी माझी होती.’ आमच्या धंद्यात असे कोणी म्हणत नाही. वऱ्हाड उशिरा येते, जेवणे लांबतात, आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० वाजता ध्वनिक्षेपक बंद करायची वेळ आली की पोलिसांपुढे आणि नाचणाऱ्यांपुढे एकाच वेळी हात जोडून उभा राहतो तो डीजेवालाच. नियम पाळून वेळेवर बंद केले म्हणून माझे ठरलेले पैसे एका घरातून पुढे कधीच मिळाले नाहीत. तरीही एखादी आजी नातीचा हात धरून दोन पावले नाचते, तेव्हा रात्रभर बेस उचलून भरून आलेले खांदे मी विसरतो, हेही तितकेच खरे आहे.

२०२० च्या उन्हाळ्यात टाळेबंदीने सगळा सीझन गेला. पुढे ५० माणसांत लग्ने होऊ लागली, पण त्यांत डीजे कोण सांगणार? हप्ते थकले होते. त्या पावसाळ्यात तुम्ही मला घरांच्या वायरिंगच्या कामावर सोबत नेलेत, रोजच्या रोज हजेरी दिलीत आणि हाताखालच्या माणसाचे काम देऊनही कधी हलके वागवले नाहीत. माझे सामान विकले गेले नाही ते केवळ त्या हजेरीमुळे.

आता कुठल्याही मांडवात पोहोचल्यावर मी आधी न्यूट्रल आणि अर्थिंग तपासतो, व्होल्ट मोजतो आणि मगच पिना लावतो. माझ्याकडच्या दोन पोरांनाही तेच शिकवले आहे, पत्रिकेच्या मागे आकृती काढूनच. कर्ज फिटले आहे.

तुम्ही त्या वेळी दिलेला, व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर अजून माझ्याकडेच आहे. चातुर्मासात लग्ने नसतात, तेव्हा मोकळा असेन. तो घेऊन तुमच्या घरी येतो.

आपला कृतज्ञ,
टेम्पोवाला डीजे