सायलस म्हातारा नव्हता

पैठण

प्रिय दत्ता,

परवा फोनवर तू जॉर्ज एलियटची कादंबरी ‘सायलस मार्नर’ एका वाक्यात निकालात काढलीस: चिक्कू म्हातारा, सोनेरी केसांची पोर, एपी, घरात आली, म्हातारा सुधारला, सगळं गोड. तेवढ्यात तुझी लातूरची गाडी सुटली आणि माझं बोलणं राहून गेलं. पण ते वाक्य सलतंय रे. बिचाऱ्या सायलसवर हा अन्याय आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

एक तर तो म्हातारा नाही. साठवलेलं सोनं चोरीला जातं तेव्हा त्यानं चाळिशीही गाठलेली नाही. तो राहतो त्या रॅव्हलो गावातली पोरं त्याला म्हातारा म्हणतात, एवढंच. तो विणकर; रात्रंदिवस मागावर वाकून त्याची पाठ गेली आणि जवळचं तेवढंच बघून डोळे अधू झाले. तू इथं आलास तेव्हा पैठणीच्या मागावर बसलेला कारागीर पाहिलास ना? पदराला रंगीत धाग्यांच्या इवल्या कांड्या सरकवताना त्याचीही नजर वीतभर कापडात रुतलेली असते. पण त्याच्या शेजारी कुणीतरी बसलेलं असतं, चहा येतो, गप्पा चालतात. सायलसच्या खोपटात पंधरा वर्षं मागाच्या खडखडाटाशिवाय दुसरा आवाज नाही.

आणि तो जन्माचा चिक्कू तर मुळीच नाही. रॅव्हलोला येण्याआधी लँटर्न यार्ड या छोट्या ख्रिस्ती पंथाच्या धर्मबांधवांत वावरणारा भोळा, भाविक पोरगा होता तो. जिवलग मित्रानं, विल्यम डेननं, स्वतःच्या चोरीचा आळ त्याच्यावर घातला. चिठ्ठ्या टाकून देवाचा कौल घेतला, तर तोही सायलसवरच उलटला. लग्न ठरलेली सारा पुढं त्याच विल्यमची बायको झाली. मित्र गेला, देव गेला, घर व्हायच्या आधीच मोडलं. अशा माणसानं आतून कडी लावून घेतली तर नवल काय?

कडी लावूनही तो एकदा बाहेर येतो, हे तुझ्या ध्यानात आहे का? गावातल्या सॅली ओट्सच्या अंगावर सूज असते, काळीज दुखत असतं. आपल्या आईला अशाच दुखण्यात फॉक्सग्लोव्ह या वनस्पतीच्या औषधानं आराम पडायचा, हे त्याला आठवतं आणि तो ते करून देतो. सॅलीला बरं वाटतं. लगेच सगळं गाव मंत्र-ताईत मागायला दारात. खोटं सांगून पैसे घेणं त्याच्यानं होत नाही, तो सगळ्यांना हाकलून देतो आणि पहिल्यापेक्षा जास्त एकटा पडतो.

मला सगळ्यात जवळचं पान मडक्याचं. विहिरीवरून पाणी आणायचं त्याचं तपकिरी मातीचं मडकं, बारा वर्षं रोजच्या हातातलं. एक दिवस ठेच लागून ते दगडावर आपटतं, तीन तुकडे होतात. आपल्याकडं फुटकं मडकं घरात ठेवत नाहीत. हा तिन्ही खापरं घरी आणतो, एकमेकांना जुळवतो आणि जुन्या जागेवर तशीच उभी करून ठेवतो. पाणी तर त्यात राहायचं नाही! काळीज पार वाळलेला माणूस असं करील का, सांग. आणि हे सगळं एपीच्या कितीतरी आधीचं.

म्हणून मी म्हणतो, दार पोरीनं उघडलं नाही. ते उघडलं चोरीच्या रात्री. 272 पौंड, 12 शिलिंग, 6 पेन्स गेलेत आणि हा भिजलेला, पिसाट माणूस रेनबो नावाच्या गुत्त्यात शिरतो. ज्या गावाशी पंधरा वर्षं कामापुरतं बोलला, त्याच गावाकडं मदत मागायला. समोर गावातला जेम रॉडनी दिसतो, आणि सायलस त्याच्यावरच चोरीचा आळ घेतो. मालक त्याला ओला कोट काढायला लावतो, शेकोटीजवळ बसवतो. जेम तर संध्याकाळपासून इथंच बसलाय. तिथं बसलेले म्हातारे मेसी म्हणतात, निर्दोष माणसावर आळ घेऊ नका. दत्ता, ते शब्द त्याला कुठं लागले असतील! तो उठतो, जेमजवळ जातो, त्याच्या तोंडाकडं निरखून बघतो आणि म्हणतो की माझं चुकलं, तुझ्याविरुद्ध कसलाच पुरावा नाही. लँटर्न यार्डात हे वाक्य त्याच्यासाठी कुणीच म्हटलं नव्हतं. स्वतःचं सर्वस्व गेलेलं असताना ते तो दुसऱ्यासाठी म्हणतो. माझ्या लेखी गोष्ट इथं वळते.

मग एपी येते. तापल्या वाळवंटात रडणारं पोर नाथांनी कडेवर घेतल्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. पण नाथांकडं द्यायला होतं. सायलसकडं काय आहे? विझत आलेली शेकोटी आणि सोन्यासारखे दिसणारे केस. त्याला पोराला कपडे कसे घालायचे तेही येत नाही. म्हणून त्याला मागावं लागतं, विचारावं लागतं. शेजारच्या डॉली विन्थ्रॉपला विचारत विचारत तो गावात मिसळतो. नाव ठेवतो आपल्या आईचं आणि धाकट्या बहिणीचं, हेफझिबा, त्याचं एपी. म्हणजे गाडून टाकलेलं मागचं आयुष्य तोंडानं रोज हाक मारून वर काढतो. तिला मागाला बांधलेला पट्टा ती कात्रीनं कापून पळते तेव्हा शिक्षा म्हणून तिला कोळशाच्या खोपट्यात कोंडतो. आंघोळ घालून, कपडे बदलून पाठ वळवतो, तर ही हसत पुन्हा कोळशात! त्यानंतर त्यानं शिक्षेचं नाव काढलं नाही.

सोळा वर्षांनी गावचा जमीनदार गॉडफ्री कॅस, एपीचा खरा बाप, पोरीवर बापाचा हक्क सांगायला येतो, तो प्रसंग तू वरवर वाचलायस असा माझा संशय आहे. आळ आला तेव्हा गाव सोडून गेलेला माणूस इथं जमीनदाराला तोंडावर विचारतो, सोळा वर्षांपूर्वी का नाही बोललात? राग पूर्ण बोलून दाखवतो. आणि मग म्हणतो, पोरीलाच विचारा, मी आडवा येणार नाही. मोहरा मुठीत धरून रात्री काढणारा तो हाच.

आणि सगळं गोड म्हणतोस, तर शेवटी तो एपीला घेऊन लँटर्न यार्ड शोधायला जातो, तिथं कारखाना उभा असतो. आपल्यावर असं का झालं, याचं उत्तर त्याला मिळतच नाही. ते न मिळताच तो रॅव्हलोला परत येतो.

सातवं प्रकरण पुन्हा वाच, रेनबोचं, आणि मग भांड माझ्याशी. षष्ठीला येणारच असशील तर पुस्तक घेऊन ये, दोन दिवस राहायच्या तयारीनं. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
सुधाकर