पुढच्या सीटवरून

पुणे, ९ मार्च

प्रिय बाळ्या,

तुझा फोन आला तेव्हा मी दाभोळच्या जेटीवर भजी खात होतो. "नंतर करतो" म्हणालो. ते नंतर आज, बारा दिवसांनी उजाडलं. फोनच करणार होतो, पण यातलं निम्मं मला बोलून दाखवता येणार नाही, म्हणून लिहितोय.

पुणे ते रत्नागिरी, नऊ दिवस. माणसं ११, सायकली १०. हिशेब चुकलेला नाही. एक टँडेम होती. तिच्या पुढच्या सीटवर मी आणि मागच्या सीटवर अण्णा. वय ५८, डोळ्यांनी अजिबात दिसत नाही, मांड्या मात्र माझ्या दीडपट. बाकी मंडळीत बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू, कॉलेजातली दोन पोरं, इन्सुलिन घेणारा एक शिक्षक, आणि याआधी सोसायटीच्या गेटबाहेर सायकल न नेलेली एक बाई. रोजची मजल चाळीस-पन्नास किलोमीटर. हसू नकोस. मीही हसलो होतो.

निघण्याआधी टेम्पोवरून भांडण झालं. सामानाला टेम्पो हवा असं अर्ध्यांचं म्हणणं. काकू म्हणाल्या, मागून डिझेल जाळत यायचं असेल तर आपण त्यातच बसू की. शेवटी ठरलं की टेम्पो नाही, ज्याला जेवढं झेपेल त्याने तेवढं ओझं घ्यायचं. म्हणजे स्टोव्ह, पातेली आणि तांदूळ पोरांच्या कॅरिअरवर, आणि नवख्या बाईकडे फक्त तिचे कपडे. ताट-वाटी प्रत्येकाची आपापली, पाण्याची बाटली विकत घ्यायची नाही. कोकणात ते सोपंच आहे. कुठल्याही घरापुढे थांबलास तरी पाणी मिळतं, वर "कुठून आलात?" हेही. बिस्किटांच्या पुड्यांवरून मात्र खटका उडाला. शिक्षकाची साखर उतरली की पुडा लागतो, तिथे तत्त्व काय करणार? खायचा आणि रिकामा कागद परत पुण्याला आणायचा, एवढ्यावर मिटलं.

नकाशात समुद्रकाठचा रस्ता सपाट दिसतो. तसलं काही नाही. गाव असतं खाडीच्या तोंडाशी, तिथून रस्ता सड्यावर चढतो, जांभ्याच्या उघड्या माळावरून ऊन खात जातो, आणि कमावलेली सगळी उंची पुढच्या खाडीपाशी घालवून टाकतो. दिवसातून तीन-चार वेळा हेच. टँडेम चढाला म्हशीसारखी आणि उताराला ट्रकसारखी. शिवाय प्रत्येक गोष्ट आधी सांगावी लागते. गिअर बदलतोय. खड्डा. ब्रेक. पहिल्या दिवशी ताम्हिणीत न सांगता ब्रेक मारला, तर अण्णांचं नाक माझ्या पाठीवर. "अहो, तुम्हाला दिसतंय ते माझ्या पायांना कसं कळणार?" तिसऱ्या दिवसापर्यंत माझं तोंड अखंड चालू होतं. घरच्यांना विचार, अजूनही जिना उतरताना मी "खड्डा" म्हणतो.

खरी मजा फेरीबोटींची. बागमांडल्याला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, तवसाळला शास्त्री. दाभोळची फेरी नसती तर चिपळूणपर्यंत वळसा घालावा लागला असता. जेटीवर पुढे गेलेल्यांना थांबावंच लागतं, कारण सगळे जमल्याशिवाय बोटीत चढायचं नाही असा नियम होता. पोरं तासभर आधी पोचायची आणि काकू येईपर्यंत दोन बोटी सोडायची. पहिल्या जेटीवर धुसफूस झाली. दाभोळला तीच पोरं उलटी चढ चढून गेली आणि काकूंच्या पिशव्या घेऊन आली. (बोटही डिझेलवरच चालते, हे मी काकूंना सांगितलं. त्यांनी उत्तर दिलं नाही.)

वेळासला दोन रात्री राहिलो. तिथे २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखतात. आधी ती चोरून न्यायचे, आता गावातलीच माणसं ती कुंपणात पुरून ठेवतात आणि पाहुण्यांना घरात उतरवून घेतात. घरट्यावरची टोपली सकाळी उचलली तर खाली काहीच नाही. सगळ्यांची तोंडं उतरली. संध्याकाळी पाच पिल्लं निघाली. दोरीच्या अलीकडे उभं राहून मी अण्णांना कॉमेंट्री देत होतो. पहिलं पुढे, तिसरं उलटं फिरलं, दुसरं लाटेत, गेलं. चार गेली तरी पाचवं पायाच्या ठशाएवढ्या खळग्यात अडकलेलं. अण्णा विचारत राहिले, "गेलं का?" वीस मिनिटं. गावकरी हात लावत नव्हते, नुसते उभे होते. मग एक मोठी लाट आली.

आता तुझं. खंबाटकी आठवते ना? २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ती ठरल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड, साडेतेरा तासांची मुदत. तुझा गुडघा गेला, तू हात करून "जा पुढे" म्हणालास, आणि मी खरंच गेलो. कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणी, कार्डावर शिक्का घेतला, केळं खाल्लं, घड्याळ पाहिलं. तू कोणाच्या तरी टेम्पोत सायकल टाकून घरी गेलास हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. ते मेडल अजून ड्रॉवरमध्ये आहे, कोणाला दाखवायला मी ते काढत नाही. या नऊ दिवसांत मला पुढे निघून जाताच येत नव्हतं, मागचा माणूस माझ्याच सायकलवर होता. हेदवीच्या चढाला आम्ही दोघंही उतरून ढकलत होतो तेव्हा तू आठवलास. तू म्हणालास म्हणून मी गेलो, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. तू तर म्हणणारच होतास रे. माझं चुकलं.

डिसेंबरात रत्नागिरीहून पुढे तेरेखोलपर्यंत जायचं ठरतंय. मजल तीच, चाळीसच्या आसपास. काकूंनी गुडघ्याला बेल्ट लावूनच सगळं केलं, आणि तुझ्याबद्दल त्यांना मी सांगितलंय. तुझी सायकल अजून माळ्यावरच असेल. टायर वाळून भेगाळले असणार, ते मी आणतो. फक्त तुझ्या फ्रेममध्ये ३२ मिलीमीटर रुंदीचं टायर बसतं का ते मोजून कळव, २८ वर त्या सड्यावरच्या रस्त्यांनी हाडं खिळखिळी होतील. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
नंदू