आधी आम्हाला सांग

चि. सानूस,
अनेक आशीर्वाद.

लीड्सला पोचल्याचा मेसेज मिळाला. 'पोचले', एवढंच होतं त्यात. किंग्ज क्रॉसला गाडीत चढतानाही तू माझ्याकडे धड बघितलं नाहीस. आदल्या रात्रीचा विषय फोनवर काढला तर पुन्हा भांडणच होईल, म्हणून लिहितेय.

इकॉनॉमिक्स सोडून तुला सिनेमाचा कोर्स घ्यायचाय, हे मला देसाईकाकूंकडून कळलं. कोर्सबद्दल माझं काही म्हणणं नाही. काकूंकडून कळलं, ते मला लागलं. मी तसं म्हटलं तर तू 'बेंड इट लाइक बेकहॅम' मधे आणलास. घरच्यांपासून लपवून फुटबॉल खेळणारी ती पंजाबी जेस खोटं बोलली नसती तर तिला कुणी खेळू दिलं असतं का, असं विचारलंस आणि खोलीत निघून गेलीस. तू गेल्यावर मी तो सिनेमा पुन्हा लावला. 2002 साली आला तेव्हा मी नुकतीच लग्न होऊन लंडनला आले होते. बाबांबरोबर थिएटरात बघितला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत जेसच्याच बाजूने हसले. खाली दिवाणखान्यात गुरू नानकांची तसबीर आणि वर तिच्या खोलीत फुटबॉलवाल्या बेकहॅमचं पोस्टर, आणि ती मनातलं सगळं सांगते ते पोस्टरला. तेव्हा ते फार गोड वाटलं होतं. या वेळी मनात आलं, ही पोरगी घरातल्या एकाही जित्या माणसाशी बोलत नाही.

आणि तुला ते बरोबर वाटतं, याची मला काळजी वाटते. ती टीमबरोबर हँबर्गला जाऊन येते, आणि आईबापांना कळतं कशावरून? पेपरातल्या फोटोवरून. लोक हसतात तिथे, सिनेमा हसवण्यासाठीच आहे. पण त्या आईचा चेहरा नीट बघ एकदा.

तू म्हणालीस, आपल्याकडचे आईबाप असेच असतात. मग तिच्या टीममधल्या मैत्रिणीची, ज्यूल्सची आई कुठली? ती तर अस्सल इंग्लिश, आणि मुलीने फुटबॉल सोडून जरा मुलीसारखं राहावं म्हणून तीही जीव टाकते. 1920 च्या डिसेंबरमध्ये लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर बायकांची मॅच बघायला 53,000 माणसं आली होती. पुढच्याच वर्षी फुटबॉल असोसिएशनने बायकांना आपल्या क्लबांच्या मैदानांवर बंदी केली. हा खेळ बायकांना शोभत नाही म्हणे. ती बंदी उठायला जवळजवळ पन्नास वर्षं गेली. म्हणजे 'लोक काय म्हणतील' हे काही आपण पुण्याहून बॅगेत भरून आणलेलं नाही. तुला सिनेमा करायचाय तर एवढं तरी लक्षात घे. नुसती कडक आई आणि बिचारी मुलगी दाखवलीस की झाला सिनेमा, असं होत नाही. वाचायला हवं, माणसांत बसायला हवं, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागून...

राहू दे. लेक्चर द्यायला बसले नव्हते. सॉरी.

खरं तर तुला हे जमेल, याबद्दल मला शंका नाही. मंडळाच्या गणपतीत तू आजीची नक्कल केली होतीस, आठवतं? लेगिंग्जवरच तिची नऊवारी कशीबशी गुंडाळलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि फोन उलटा धरून 'हॅलो, हॅलो, कोण बोलतंय ते आधी सांगा' म्हणून ओरडत होतीस. हॉल हसत होता, पण मी आजीकडे बघत होते. ती हसून हसून डोळे पुसत होती आणि शेजारणीला सांगत होती, 'माझीच आहे ती.' जिची नक्कल केली तीच सगळ्यात जास्त हसली. हा सिनेमा काढणारी गुरिंदर चढ्ढा जन्मली नैरोबीत, वाढली साउथहॉलमध्ये. तिने ते घर आतून बघितलंय, म्हणून तिच्या विनोदात बोचरेपणा नाही. तुझ्यातही ते आहे. आजी असती तर तिने तुला आधी पेढा भरवला असता आणि मग कोर्सचं नाव विचारलं असतं.

एका ठिकाणी मात्र मी सिनेमा थांबवला. समोरच्या टीममधली मुलगी जेसला वंशावरून ती शिवी देते, जेस चिडते आणि रेड कार्ड मिळतं. बाप लांब उभा राहून बघत असतो. तो आला होता म्हणून त्याला कळलं तरी. तुला तिकडे कुणी असं काही बोललं, तर तू आम्हाला सांगशील का? की 'मी ठीक आहे' एवढाच मेसेज येईल? रात्री हेच डोक्यात घोळत राहतं. कोर्सचं लपवणाऱ्या मुलीला हेही लपवता येईल. पुन्हा तिथेच आले मी. काय करू!

जेसचा बाप नैरोबीत फास्ट बोलर होता आणि इथल्या क्लबांनी त्याच्या पगडीची टिंगल करून त्याला हाकललं, हे त्याने मुलीला कधी सांगितलं? तिचं सगळं उघड झाल्यावर. तोवर तोही गप्पच होता. बाबांच्या पुरुषोत्तम करंडकातल्या एकांकिकेच्या वेळचे फोटो लॉफ्टमध्ये त्या निळ्या पेटीत आहेत. ती पेटी तिथे का गेली, ते मी सांगणार नाही, ते त्यांनीच सांगायचं. पण तू काही बोललीस तर ते बोलतील. मी त्यांना ओळखते.

मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी पार्सलमध्ये आहे. फोडणी करताना खिडकी उघड, नाहीतर स्मोक अलार्म वाजून सगळी बिल्डिंग खाली उतरेल. कोर्स बदलायचा तर युनिव्हर्सिटीबरोबर स्टुडंट फायनान्सलाही कळवावं लागतं, ते लांबणीवर टाकू नकोस.

बाबांना अजून काही माहीत नाही. देसाईकाकूंना मी गप्प राहायला सांगितलंय, पण त्या किती दिवस गप्प राहतील कोण जाणे. रविवारी बाबांना हीथ्रोची शिफ्ट नाही, दुपारी घरीच आहेत. माझ्या फोनवर करू नकोस, त्यांच्याच फोनवर कर.

तुझी,
आई