चिखलात चालायचे पैसे

ग्रोनिंगेन, नेदरलँड्स,
१४ सप्टेंबर २०२५

ती. बाबा आणि ती. आई,
शि. सा. न. वि. वि.

फोन असताना पत्र कशाला, असं आई म्हणणार. पण फोनवर बाबा "बरं आहे ना? जेवलीस ना?" एवढं विचारतात आणि लगेच फोन आईच्या हातात देतात. बांधाचं बोलायचं राहूनच जातं. म्हणून हे पत्र. पप्याने छापून आणावं आणि बाबांना ओटीवर बसवून वाचून दाखवावं. ऑफिस, खोली, डबा हे सगळं तुम्हाला पाठ आहे, ते लिहीत नाही.

गणपतीला आले नाही त्यावर फोनवर झालं तेवढं पुरे. रजा खरंच नव्हती. मोदक केले होते. अकरा वळले, तीन फुटले, ते मीच खाल्ले.

मागच्या रविवारी ऑफिसातल्या चौघांबरोबर समुद्रकाठी पायी फिरून आले. (रजा नव्हती आणि भटकायला बरा वेळ मिळाला, असं म्हणू नका. तो रविवार होता.) उत्तरेकडे जाणाऱ्या छोट्या गाडीने वारफुमला उतरलो आणि संध्याकाळी पुढच्या उस्कवर्टला परत गाडीत बसलो. मधे नुसते बांध, बटाट्याची शेतं आणि चिखल. आई, तुला बघण्यासारखं काही सापडलं नसतं. बाबा मात्र दर दहा पावलांना थांबले असते.

वारफुम गाव एका टेकाडावर आहे, आणि ते टेकाड माणसांनी केलेलं आहे. दगड नाही, मुरूम नाही. चिखल, गवताची ढेपळं, शेण, घरातला केरकचरा असं थरावर थर टाकत उंच केलेलं. इथे त्याला वीर्डे म्हणतात. अडीच हजार वर्षांपूर्वी बांध नव्हताच, उधाण आलं की सगळीकडे पाणी. तेव्हा माणसं गुरं घेऊन या टेकाडांवर राहायची. प्लिनी नावाच्या एका रोमन माणसाने हे लोक पाहून लिहून ठेवलंय की भरतीला हे जहाजावरच्या खलाशांसारखे दिसतात आणि ओहोटीला जहाज फुटलेल्यांसारखे. बिचाऱ्यांची त्याला कीव आली होती. आपल्या खारेपाटात जुलैत आला असता तर आपल्याबद्दलही हेच लिहून गेला असता. पुढे शंभर-दीडशे वर्षांपूर्वी लोकांनी यातली बरीच टेकाडं खणून खत म्हणून विकली. दोन हजार वर्षांचं शेण, कसदार असणारच.

बांध आले हजारेक वर्षांपूर्वी. एक बांध घालायचा, त्याच्याबाहेर गाळ साठला की पुढे दुसरा, मग तिसरा. आम्ही चाललो तो नोर्डपोल्डर १८११ साली समुद्रातून घेतलेला. समुद्राला भिडलेल्या बांधाला हे लोक 'जागता' म्हणतात, त्याच्या मागच्याला 'झोपलेला' आणि त्याच्याही मागच्याला 'स्वप्न बघणारा'. जागत्यावर मेंढ्या चरतात. त्या फुकट चरत नाहीत बरं. गवत आखूड ठेवतात आणि खुरांनी माती दाबतात, म्हणजे घुशी-चिचुंद्र्यांची बिळं पोसत नाहीत. बाबा, तुम्ही चिंबोऱ्यांच्या बिळांपायी काठी घेऊन बांधावरून फिरता, तेच काम.

बांधावर चढून मी आधी आत बघितलं, मग बाहेर. बाहेरची जमीन आतल्यापेक्षा उंच! आतलं पाणी उपसून उपसून जमीन बसली आणि बाहेर रोज गाळ चढतोय. बाहेर उथळ पाण्यात खुंट्यांच्या दोन-दोन रांगा ठोकतात, मधे काटक्यांचे भारे दाबून बसवतात. पाणी त्यातून गाळून जातं आणि गाळ मागे राहतो. अशा चौकोनी वाफ्यांची लांबच लांब रांग दिसते. १९३० नंतर बेकारांना कामाला लावून हे खूप करून घेतलं. आता नवी जमीन घेत नाहीत, २००९ पासून हा समुद्र जागतिक वारसा आहे. पण काटक्या अजून बदलतात, कारण समोर गाळ असला की लाट बांधापर्यंत येता येता दमते. आपल्याकडे हे काम तिवरं करतात, तेही फुकट. तुम्ही बांधासमोरची तिवरं तोडू देत नव्हता म्हणून लोक हसायचे, ते आठवलं.

इथे कितीतरी गावांच्या नावाशेवटी 'झैल' येतं. डेल्फझैल, नोर्डपोल्डरझैल. झैल म्हणजे काय? उघाडी, बांधातलं पाण्याचं दार! भरती चढली की समुद्राच्या रेट्याने दारं मिटायची, ओहोटीला आतलं गोडं पाणी ती ढकलून बाहेर. मी सगळ्यांना सांगितलं की आमच्याकडेही हेच आहे, फक्त आम्ही गावाला तिचं नाव देत नाही.

जुना एक नियमही कळला. प्रत्येक शेतकऱ्याच्या वाट्याला बांधाचा तुकडा असायचा, आजोबांच्या वेळी गावाने मिळून बांध राखायची जोळ होती, तसाच. ज्याला तो सांभाळणं झेपेना, त्याने आपलं फावडं बांधात रोवायचं आणि निघून जायचं. जो फावडं उपटेल, बांध त्याचा आणि जमीनही त्याची. आमच्या चौघांतल्या मार्टेनने हे मोठ्या कौतुकाने सांगितलं. मला ते तितकंसं आवडलं नाही.

आता चिखलाचं. हे नीट सांगते, नाहीतर तुमचा विश्वास बसणार नाही. हे लोक पैसे भरून चिखलात चालतात. चिंबोऱ्या नाही, निवट्या नाही, मासा नाही, काही आणायचं नाही. नुसतं चालायचं! त्यासाठी आधी नाव नोंदवायचं, ओहोटीचं वेळापत्रक बघायचं, घोट्याच्या वर येणारे कापडी बूट घट्ट बांधायचे, कारण साधा बूट चिखल ओढून घेतो. बरोबर परवान्याचा वाटाड्या लागतो. त्याच्या हातात उंच काठी, वाटेतल्या ओहोळात किती पाणी आहे ते मोजायला. हौशी लोक असं तीन-चार तास चालत समोरच्या बेटावर जातात आणि भरती आल्यावर बोटीने परत. मी विचारलं, जाताना बोटीने का नाही जात? सगळे माझ्याकडे बघतच राहिले. मग मीही पैसे भरले. किती ते लिहीत नाही, आईला रात्रभर झोप येणार नाही. आम्ही बेटापर्यंत नाही गेलो, जवळचीच फेरी केली. मार्टेन मांडीपर्यंत रुतला. मी त्याला सांगितलं, एका जागी उभा राहू नकोस, पाऊल आडवं टाक, टाच आधी सोडव. वाटाड्याने विचारलं, कुठे शिकलीस? म्हटलं, बाबांच्या मागे. चिखलावर सगळीकडे किड्यांनी बाहेर टाकलेल्या गाळाची वेटोळी होती. आई, अगदी तुझ्या कुरडया वाळत घातल्यासारखी. वासही आपलाच होता. थोडा वेळ मी मागे राहिले. डोळ्यांत वारा जात होता.

आता आईच्या काळज्या. भूकंपाचं तू पाहिलंस ते खरं आहे, पण अर्धंच. इथे जमिनीखाली गॅस सापडला १९५९ साली. तो काढून काढून जमीन हलायला लागली. सगळ्यात मोठा धक्का २०१२ चा, ३.६ चा. खेड्यांत घरांना तडे गेले, उस्कवर्टला जाताना मी बुजवलेले तडे पाहिले. म्हणूनच तर २०२४ मध्ये तो गॅस कायमचा बंद केला. माझी खोली शहरात आहे, आणि माझ्या भिंतीला एकच तडा आहे, तो खिळा मारताना मीच पाडला. मी बारीक झालेली नाही, फोटो बाजूने काढलाय. आणि फोटोत शेजारी उभा आहे तो मार्टेन. ऑफिसातला. उंच आहे म्हणून डोळ्यांत भरतो, बाकी काही नाही.

पितृपंधरवड्यात लग्नाचं बोलू नये म्हणतेस, म्हणून नुसता हिशोब लिहिते. पप्याच्या लग्नाचे दोन लाख मी जानेवारीपर्यंत पाठवते. मांडव आणि आचारी माझ्याकडे, दागिन्यांचं बाबांनी बघावं. वधूकडच्यांना सांगा, मोठी बहीण बिनलग्नाची आहे म्हणून यांनी थांबू नये. अलिबागच्या स्थळाला माझ्या वतीने हो म्हणू नका. नाही पण म्हणू नका वाटल्यास. मी आले की बोलू.

आपल्या बांधाला पडलेली खांड बुजवायला चाळीस हजार वेगळे टाकलेत, ते लग्नात घालू नका. उघाडीच्या फळ्या बदला, खिळ्यांवर भागवू नका. इथे मी भाडेकरू असूनही पाण्याचा आणि बांधाचा कर दरवर्षी मुकाट्याने भरते, तेव्हा घरच्या बांधाला मागायला संकोच कसला? आणि बाबा, उपसायला एकटे जाऊ नका. पप्याला न्या. तो नसेल तर मजूर लावा, पैसे मी देते. देते म्हणजे, तेवढंच मला इथून जमतं.

जमिनीचा एजंट पुन्हा आला होता हे मला पप्याने सांगितलं, तुम्ही नाही सांगितलंत. एक पीक खारं गेलं म्हणून जमीन मेली असं होत नाही. दोन पावसाळे गोडं पाणी फिरलं की मीठ उतरतं, हे मी तुमच्याकडूनच ऐकलंय. विकायचीच असेल तर विका, मी कोण अडवणार, मी तर इथे. फक्त मी येईपर्यंत सही करू नका. डिसेंबरात येते. तिकीट अजून काढलेलं नाही, पण येते.

आजोबांच्या तिथीला माझ्या वाटणीचा घास ठेवा.

तुमची,
मनू

ता. क. पप्या, वरचं मार्टेनचं वाक्य वाचताना हसू नकोस.