त्या रात्रीच्या सिस्टर आणि मावशींना

अण्णांच्या डाव्या पायाची बायपास दुसऱ्यांदा करावी लागली. दोन वर्षांपूर्वी पायाला रक्त पोचावं म्हणून जांघेपासून गुडघ्याखालपर्यंत कृत्रिम नळी घातलेली, ती गुठळी होऊन बंद पडली, पाऊल गार, अंगठा काळानिळा, रात्रभर पाय पलंगाखाली लोंबता ठेवून बसायचे. यावेळी उजव्या पायातली शीर काढून जोडली. ऑपरेशन झालं, आम्हाला वाटलं सुटलो.

त्याच रात्री ड्युटीवरच्या सिस्टरनी अण्णांच्या पावलावर जिथे नाडी लागते तिथे पेनाने फुली मारून ठेवलेली. दर तासाला यायच्या, जेल लावून डॉपलर, म्हणजे रक्त वाहतंय का ते ऐकायचं छोटं यंत्र, टेकवायच्या, शूं शूं आवाज आला की मला मान हलवून सांगायच्या. अडीच वाजता आवाजच येईना. दोनदा बघितलं, पाय हाताने चाचपला, आणि सकाळच्या राऊंडची वाट न बघता तिथूनच सर्जनना फोन लावला. तासाभरात अण्णा परत ओटीत, गुठळी काढली, पाय वाचला!

मी बाहेर नुसती थरथरत होते. वॉर्डातल्या मावशी स्वतःच्या डब्यातली भाकरी घेऊन आल्या, म्हणाल्या, "पोरी दोन घास खा, बाबांना उद्या तूच धरून उठवायचंय." खरंच मीच उठवलं.

गडबडीत दोघींचं नाव विचारायचं राहूनच गेलं. सिस्टर, मावशी, अण्णा आता काठी घेऊन कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत जाऊन येतात, बिडी पूर्ण बंद केलीये. तुमचे खूप खूप आभार.