काका, तो जुना डी९० कॅमेरा माझ्या हातात दिलात त्याबद्दल

काका, समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "चल, कामाचं बघ" म्हणून विषय उडवता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय. मी तुमच्याकडे पंचवटीत लाइट धरायला लागलो तेव्हा बॅकअपचा निकॉन डी९० कपाटात होता, तो तुम्ही ५० एमएमच्या लेन्ससकट मला दिलात. म्हणालात, "लग्नात लागला तर मी घेईन, एरवी रोज तू वापर, पडून राहिलेला कॅमेरा ऐनवेळी दगा देतो." स्वतःचा कॅमेरा घ्यायची ऐपत नसलेल्या पोराला याहून मोठं काय देणार कोणी?

डी९० म्हणजे २००८ चं मॉडेल, १२ मेगापिक्सेल, फोकसचे ११ पॉइंट आणि कमी उजेडात भरवशाचा त्यातला मधला एकच. आताचे मिररलेस कॅमेरे माणसाचा डोळा शोधून स्वतःच फोकस धरतात, इथे आधी मधल्या पॉइंटवर डोळा पकडायचा, बटण अर्धं दाबून ठेवायचं आणि मग फ्रेम सरकवायची. ५० ची लेन्स त्या लहान सेन्सरवर ७५ सारखी वागते, म्हणजे फ्रेममध्ये कमी मावतं, झूम नाहीच, आणि रामकुंडावर गर्दीत मागे सरकायला जागा कुठे असते, त्यामुळे काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधीच ठरवायची सवय लागली. सकाळी उगवतीकडे तोंड करून उभं राहिलं की पाण्यावरून ऊन थेट लेन्समध्ये येतं आणि आंघोळ करणाऱ्यांचे चेहरे काळे पडतात. तिथे तुम्ही स्पॉट मीटरिंग (फ्रेममधल्या एका ठिपक्यापुरता उजेड मोजणं) लावून गालावरचा उजेड मोजायला शिकवलंत, "पाणी पांढरं झालं तर होऊ दे, माणूस दिसला पाहिजे."

पण मी सगळ्यात जास्त शिकलो ते रंगपंचमीला, नाशिकच्या तिवंधा चौकातल्या रहाडीवर, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदावर. तिथे महागडा कॅमेरा घेऊन काठावर उभं राहायची छाती कोणाची होणार, पिवळं पाणी पार गच्चीपर्यंत उडतं! डी९० ला प्लॅस्टिकची पिशवी, लेन्सच्या तोंडाशी रबरबँड, आणि मी बिनधास्त अगदी काठावर. हा कॅमेरा सेकंदाला जेमतेम साडेचार फोटो काढतो, म्हणजे बटण दाबून ठेवलं तरी धप्प्याचा, म्हणजे रहाडीत मारलेल्या उडीचा, नेमका क्षण दोन फोटोंच्या मधे निसटू शकतो, मग मी पाण्याकडे बघणं सोडून उडी मारणाऱ्याच्या गुडघ्यांकडे बघायला लागलो. गुडघे वाकले, खांदे पुढे आले की एकदाच दाबायचं. ती नजर आज मला सप्तपदीत, वरमाला घालताना, सगळीकडे उपयोगी पडते, आणि चांगल्या कॅमेऱ्यावर ती इतक्या लवकर आली नसती असं मला मनापासून वाटतं.

आणि ते गंगापूर रोडचं लग्न! मंगलाष्टकं चालू, शेवटचं कडवं, आणि तुमच्या मेन कॅमेऱ्याचा शटर अडकला. तुम्ही नुसता हात पुढे केलात, मी डी९० दिला, अंतरपाट खाली आला तेव्हा तुमचा फोटो झालेला होता. घरच्यांना काही कळलंसुद्धा नाही. बॅटरी फुल, कार्ड रिकामं, दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं सकाळीच जुळवलेली (नाहीतर नंतर कोणता फोटो आधीचा ते लावताना रात्र जाते), हे सगळं तुम्ही आधीच अंगवळणी पाडलं होतं म्हणून.

आता माझ्याकडे स्वतःचा कॅमेरा आहे, तरी डी९० पावसाळ्यात सिलिका जेलच्या डब्यात ठेवतो, एरवी रोज बाहेर काढतो. २०२७ च्या सिंहस्थात तुम्ही घाटावर फोटो काढणारच, तेव्हा तुमचा दुसरा कॅमेरा सांभाळायला मी आहे, दुसऱ्या कोणाला सांगू नका. काका, मनापासून थँक्यू.