लॉकर स्ट्राँग आहे हो, शाफ्टचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत ऑफरोड गाड्यांची तुलना वाचली. मराठी पेपरात कुणीतरी डिफरन्शियल लॉकला (डिफरन्शियल म्हणजे वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर, लॉक किंवा लॉकर ती दोन्ही चाकं एकत्र बांधतो) हात घातला याचंच आधी बरं वाटलं, नाहीतर गाड्यांचं पान सनरूफ आणि टचस्क्रीनच्या पुढे जातच नाही. पण 'कुणाचा लॉक जास्त स्ट्राँग' असा जो तक्ता छापलाय तो काही पटला नाही म्हणून लिहितोय.

एक तर जिम्नी आणि गुरखा एकाच रांगेत बसवल्यात. जिम्नीत लॉकर नाहीच मुळी, तिथे हवेत फिरणारं चाक ब्रेकने धरतात मग ताकद दुसऱ्या चाकाला मिळते, काम बऱ्यापैकी होतं पण त्याला लॉक म्हणत नाहीत. गुरखाला पुढे-मागे दोन्हीकडे खरे लॉक, लिव्हर ओढला की संपलं. थारच्या ज्या मॉडेलला मागे ईटन कंपनीचा मेकॅनिकल लॉकर येतो तो आपला आपण लागतो, दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण 100 फेऱ्यांचा फरक पडला की आतली वजनं बाहेर फेकली जातात आणि खाडकन लॉक. थार रॉक्सला बटणावरचा इलेक्ट्रॉनिक.

म्हणजे एक लॉक चाक फिरायला लागल्यावर लागतो आणि दुसरा अडकायच्या आधीच आपण लावून ठेवू शकतो, आणि मोडतोड बघायची तर माझ्या मते हाच फरक सगळ्यात मोठा, कारण फिरत्या चाकाला अचानक पकड मिळाली की जो झटका बसतो त्यानेच वस्तू तुटतात.

आता लॉकरच्या मजबुतीचं. साध्या डिफरन्शियलमध्ये टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, दोन्ही चाकांना निम्मा-निम्मा जातो, एक चाक हवेत असेल तर दुसऱ्यालाही जवळजवळ काहीच मिळत नाही, म्हणून गाडी अडकते पण शाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतचा फिरता दांडा) वाचतो! लॉक केल्यावर सगळा लोड एकट्या जमिनीवरच्या चाकाच्या शाफ्टवर, म्हणजे नेहमीच्या कमाल लोडच्या दुप्पट. आणि लो रेंजमध्ये (फोर बाय फोरच्या जास्त ताकदीच्या हळू गिअरमध्ये) पहिल्या गिअरला इंजिनाचा टॉर्क कितीतरी पट झालेला असतो. मग लॉकर कितीही दणकट टाका, तुटायचा तो शाफ्टच. पुढचा लॉक लावून स्टिअरिंग पूर्ण वळवलं तर सीव्ही जॉइंटला (वळलेल्या चाकाला फिरवणाऱ्या सांध्याला) रामराम. बाहेरून बसवायच्या लॉकरमध्येही बघा, डिफरन्शियलच्या आधीच्याच केसमध्ये (कवचात) बसणारे स्वस्त असतात पण त्यांची ताकद त्या जुन्या केसएवढीच, एआरबी कंपनीचा हवेच्या दाबावरचा लॉकर घेतला तर केस नवीन मिळते, शाफ्ट मात्र तेच राहतात.

स्वतःचंच सांगतो. दोन पावसाळ्यांपूर्वी मुळशीकडे एका चढावर मागचं उजवं चाक चिखलात गरागरा फिरत होतं, मी ॲक्सिलरेटर सोडायच्या ऐवजी अजून दाबला, लॉक लागला आणि खाट्कन आवाज. लॉकर ठणठणीत, डावा शाफ्ट दोन तुकडे. गाडीचं नाव घेत नाही, चूक माझ्या पायाची. मेकॅनिक शाफ्ट बाहेर काढून म्हणाला, 'साहेब हा तुटला म्हणून क्राऊन-पिनियन (डिफरन्शियलचे मुख्य गिअर) वाचला, पेढे वाटा.' खरंच आहे, शाफ्ट अर्ध्या दिवसात बदलून होतो, क्राऊन गेला असता तर अख्खं हाउसिंग उघडावं लागलं असतं आणि खर्चाचं तर बोलूच नका.

तेव्हा पुढच्या वेळी तक्त्यात शाफ्टची जाडी, त्यावरचे स्प्लाइन (टोकाचे दाते) किती, डिफरन्शियलमध्ये आतले छोटे पिनियन गिअर दोन की चार, आणि टायर कोणत्या साइजचा हे छापा. जाडीने किती फरक पडतो बघा, 30 मिमीचा शाफ्ट त्याच लोखंडात 33 मिमीचा केला तर तो साधारण 33 टक्के जास्त पीळ सोसतो, कारण ताकद जाडीच्या घनाप्रमाणे वाढते. आणि तो 'स्ट्राँग'चा कॉलम तेवढा काढून टाका, आमच्या ग्रुपमधल्या दोघांनी त्यावरून बुकिंग करायचं ठरवलंय.

आपला,
एक जुना जीपवाला, पुणे